डिसेंबर आला की यूएएसबीतले ग्रॅन्यूल वर येतात आणि वाहून जातात: कारण कसं शोधायचं

यूएएसबी म्हणजे सांडपाणी खालून वर चढवत, हवेशिवाय जिवाणूंकडून शुद्ध करून घेणारी टाकी (रिअ‍ॅक्टर), आणि त्या जिवाणूंच्या गाळाचे काळे मणी म्हणजे ग्रॅन्यूल. लक्षण आधी सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. सकाळी आउटलेटच्या चॅनेलपाशी उभं राहिलं की तळाला काळी मोहरी सांडल्यासारखी दिसते. चिमटीत घेतली की कळतं, हे रिअ‍ॅक्टरमधले ग्रॅन्यूल आहेत. वर जीएलएसएसच्या (गॅस, पाणी आणि गाळ वेगळे करणाऱ्या भागाच्या) पट्ट्यांमधल्या पाण्यावर करडा, बुडबुड्यांनी फुगलेला थर साचलेला असतो. इम्हॉफ कोनमध्ये (गाळ बसवून मोजायच्या शंकूच्या भांड्यात) एरवी लिटरला एखादा मिली गाळ बसायचा, तो आता दहा-बारा मिली बसतो. सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, लिटरला मिलिग्रॅममध्ये) अजून बरा असतो, म्हणून कुणी मनावर घेत नाही. आठ-दहा दिवसांनी सीओडीही चढतो, फ्लेअरची (गॅस जाळायच्या नळीची) ज्योत बुटकी होते आणि मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, "नवीन सीड मागवू या."

मी एका डेअरीच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटवर) केमिस्ट आहे. आमच्याकडे हे सलग तीन हिवाळे झालं. पहिल्या दोन वेळा आम्ही दुसऱ्या प्लँटवरून टँकरने ग्रॅन्यूल आणून टाकले. दोन्ही वेळा फेब्रुवारीत सगळं छान झालं आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा चॅनेलमध्ये मोहरी. तिसऱ्या वेळी टँकर मागवण्याआधी आम्ही वाहून चाललेले ग्रॅन्यूलच नीट पाहिले. ते पहिल्याच वर्षी करायला हवं होतं. ग्रॅन्यूल बनायला महिने लागतात आणि त्या महिन्यांत रिअ‍ॅक्टर कसा चालला हे त्याच्या अंगावर उमटलेलं असतं. ज्या चालवण्याने जुने मणी बिघडले, त्याच चालवण्यात नवे टाकले तर तेही बिघडणारच.

आमचे आकडे देते, तुमचे शेजारी मांडून पाहा. रिअ‍ॅक्टर २५० घनमीटरचा, पाण्याची उंची ५ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ ५० चौरस मीटर. डिझाइन दिवसाला ६०० घनमीटर पाण्याचं, सीओडी २,५०० धरून. म्हणजे दिवसाला १,५०० किलो सीओडी, घनमीटरला ६ किलो. तासाला २५ घनमीटर पाणी वर चढतं, म्हणून वर जाण्याचा वेग ताशी ०.५ मीटर. हे कागदावरचं. प्रत्यक्षात कृशकाळात (दूध कमी येतं तेव्हा), मे महिन्यात, ३५० घनमीटर पाणी आणि सीओडी १,८०० च्या आसपास. पुष्टकाळात (दूध भरपूर येतं तेव्हा), डिसेंबर-जानेवारीत, ९०० घनमीटर आणि सीओडी २,८००. गुणाकार करा: मे महिन्यात घनमीटरला २.५ किलो, डिसेंबरात १० किलो. रिअ‍ॅक्टर तोच, गाळ तोच, खाणं चौपट. निरोगी ग्रॅन्यूल असलेल्या यूएएसबीला ३५ अंशांवर १० किलो झेपतात, त्यामुळे नुसत्या आकड्यात चूक दिसत नाही. चूक त्या आकड्यापर्यंत पोचण्याच्या वाटेत होती.

पहिल्या दिवशी काय करायचं

फीड, म्हणजे आत जाणारं पाणी, एकदम बंद करू नका. निम्म्यावर आणा. बंद केलं की गाळाचा थर घट्ट बसतो, आत गॅस कोंडतो आणि पुन्हा पंप सुरू केल्यावर अख्खा थर पिस्टनसारखा वर उचलला जातो. आमच्याकडे एका रात्री चार तास वीज गेली होती. आल्याबरोबर ऑपरेटरने दोन्ही पंप एकदम लावले आणि तासाभरात गेलेला गाळ भरून यायला पुढचे दोन महिने गेले. वीज आल्यावर आधी एकच पंप, अर्धा व्हॉल्व्ह, अर्धा तास. मग वाढवा.

दुसरं, आउटलेटच्या चॅनेलला बारीक जाळी लावा आणि वाहून जाणारे ग्रॅन्यूल ड्रममध्ये धरा. ते फेकायचे नाहीत. तपासायला लागतील आणि त्यातले बरेच परतही टाकता येतील.

तिसरं, आउटलेटचा व्हीएफए (साचलेली सेंद्रिय आम्लं) आणि अल्कलिनिटी (आम्ल झेलायची पाण्याची ताकद) काढा. नुसत्या पीएचवर विसंबू नका. अल्कलिनिटी भरपूर असेल तर आम्ल साचत असतानाही पीएच हलत नाही. तो हलतो तेव्हा वेळ गेलेली असते. व्हीएफए भागिले अल्कलिनिटी ०.३ च्या खाली असेल तर रिअ‍ॅक्टर पचवतोय. ०.४ च्या वर गेलं तर सावध. ०.८ च्या आसपास गेलं तर फीड जवळजवळ थांबवून सोडियम बायकार्बोनेट द्यायची वेळ आली.

आणि एक गोष्ट, जी कोणत्याही तपासणीच्या आधी येते. वरचा थर बघायला जीएलएसएसवर एकट्याने वाकू नका. तिथे मिथेनबरोबर हायड्रोजन सल्फाइड असतो आणि त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं. बरोबर माणूस हवा, अंगावर गॅस मीटर हवा, आणि टाकीच्या आत उतरायचं तर परवाना आणि पूर्ण तयारी असल्याशिवाय पाय टाकायचा नाही. ग्रॅन्यूल पुन्हा बनतात.

घटनांचा क्रम लॉगबुकात शोधा

आता लॉगबुक उघडा आणि मागचे तीन आठवडे वाचा. एकच प्रश्न विचारा: आधी गॅस कमी झाला की आधी ग्रॅन्यूल वर आले?

गॅस आधी पडला, व्हीएफए चढला आणि मग ग्रॅन्यूल सुटायला लागले, तर जिवाणूंना इजा झाली आहे. बहुतेक वेळा आत काहीतरी विषारी किंवा जहाल गेलेलं असतं. डेअरीत ते कॉस्टिक, नायट्रिक, पेरासेटिक अ‍ॅसिड, हायपो किंवा फरशी धुण्याचं क्वाटर्नरी अमोनियमवालं रसायन. ग्रॅन्यूल आधी वर आले, त्या दिवसांत गॅस आणि व्हीएफए नेहमीसारखेच होते आणि गॅस नंतर हळूहळू उतरला, तर जिवाणू धडधाकट आहेत. मणी नुसते हलके झालेत, आणि ते वाहून गेले म्हणून गॅस कमी झाला. दोन्हींवरचे इलाज अगदी वेगळे आहेत. पहिल्या हिवाळ्यात आम्ही दुसऱ्या प्रकाराला पहिल्याचा इलाज करत बसलो, बायकार्बोनेटच्या गोण्यांवर गोण्या ओतल्या. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

गॅस किती यायला हवा याचा अंदाज सोपा आहे. निघालेल्या दर किलो सीओडीमागे शून्य अंश तापमान आणि सामान्य दाबाला मोजलेला ०.३५ घनमीटर मिथेन, ही वरची मर्यादा. त्याच्या बरंच खाली असाल आणि सीओडी मात्र निघताना दिसत असेल, तर तो पचत नाहीये, गाळाला चिकटून बसतोय. ही ओळ लक्षात ठेवा, चरबीच्या भागात तिच्याकडे परत यायचं आहे.

ग्रॅन्यूल हातात घ्या

जाळीतले आणि रिअ‍ॅक्टरच्या खालच्या सॅम्पलिंग पोर्टमधले, असे दोन नमुने पांढऱ्या बशीत शेजारी शेजारी ठेवा. लागतं काय तर भिंग, ब्लेड, कोमट पाणी आणि टिपकागद.

निरोगी ग्रॅन्यूल काळा किंवा गडद करडा, मोहरी ते ज्वारीच्या मधल्या आकाराचा, कडा स्वच्छ. अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला तर निसटतो. जोर लावला तर फुटतो, पण पसरत नाही. आजारी ग्रॅन्यूल काजळासारखा बोटांवर पसरतो. आमचे अण्णा, सगळ्यात जुने ऑपरेटर, भिंग न लावता नुसत्या चिमटीने सांगतात आणि ते बरोबर निघतं.

मग एक लिटरच्या मोजपात्रात पाणी भरून एकेक मणी सोडा आणि ३० सेंटिमीटर खाली जायला किती सेकंद लागतात ते मोजा. ३० सेकंद लागले तर बसण्याचा वेग ताशी ३६ मीटर झाला. साधारण १५ ते ५० सेकंदांत खाली गेला तर मणी जड आहे. इथे एक गैरसमज सुटतो. बसण्याचा वेग ताशी २० मीटरच्या वर असेल, तर आपला ०.५ किंवा ०.७५ मीटरचा पाण्याचा वेग त्याला उचलूच शकत नाही. म्हणून "फ्लो वाढला म्हणून गाळ गेला" हे वाक्य अर्धवट आहे. फ्लोने तेच मणी नेले जे आधीच हलके झाले होते. हलके का झाले, ते शोधायचं.

तरंगणारे मणी ग्लासात घेऊन चमच्याने हलकेच ढवळा.

ढवळल्यावर बुडबुडे सुटून बुडाले, तर बाहेरून नुसता गॅस चिकटला होता. मण्यांत दोष नाही. फीडचा झटका, गॅसची उसळी किंवा जीएलएसएसखाली साचलेला फेस, यांपैकी काहीतरी. वरच्या थरावर पाण्याचा बारीक फवारा मारला तरी यातले बरेच परत खाली जातात.

ढवळूनही तरंगतच राहिले, तर थोडे मणी ४५-५० अंशांच्या पाण्यात टाका. वर तेलकट तवंग आला, डोळे डोळे दिसले, किंवा टिपकागदावर दाबून वाळवल्यावर पारदर्शक डाग राहिला, तर चरबी.

तवंग नाही आणि तरंगणं थांबत नाही, तर भिंगाखाली ब्लेडने कापा. आत पोकळ असेल, कवच उरलंय आणि गर गेलाय, असं दिसलं तर ती उपासमार. याबद्दल पुढे सविस्तर.

कापायच्या आधीच भिंगात मण्याभोवती पांढुरकी, कापसासारखी लव दिसली, भिजवून फुगलेल्या साबुदाण्यासारखा मणी गुळगुळीत आणि पांढरट वाटला, तर बाहेरून आम्ल बनवणारे जिवाणू चढलेत.

एक उलटा प्रकारही असतो: मणी करडे-पांढरे, टणक, बशीत टाकले तर टक्कन वाजतात आणि पाण्यात सुरेख बसतात, पण गॅस देत नाहीत. हे चुन्याचे मणी. पीएच सांभाळायला चुना वापरणाऱ्या प्लँटवर होतात. थोडं कॅल्शियम, लिटरला शंभर-दोनशे मिलिग्रॅम, मणी बांधायला उपयोगीच पडतं. जास्त झालं की कार्बोनेट आणि फॉस्फेट मण्यावर आणि मण्यात साचतं. भट्टीत जाळून राख काढा, कोरड्या वजनाच्या निम्म्यापेक्षा जास्त राख निघाली तर चुना बंद करून बायकार्बोनेट किंवा कॉस्टिकवर या, आणि तळाच्या व्हॉल्व्हमधून तो गाळ थोडा थोडा काढा.

चरबी आणि थंडी

आमच्या तिसऱ्या हिवाळ्यात बशीत तीन प्रकार एकत्र निघाले, आणि सगळ्यात जास्त चरबीवाले. डॅफ (बारीक बुडबुड्यांनी चरबी तरंगवून काढणारी टाकी) तर वर्षभर चालू होता, मग डिसेंबरातच का?

उत्तर सगळ्यांच्या स्वयंपाकघरात आहे. हिवाळ्यात तूप थिजतं. डेअरीच्या पाण्यातली स्निग्धता म्हणजे तेच. पाणी ३२ अंशांचं असेल तर ती बारीक थेंबांत राहते. पहाटे २२-२३ अंशांवर आलं की तिचे कण होतात, पाइपला, भिंतीला आणि मण्यांना चिकटतात. शिवाय तिचं विघटन होऊन बनणारी लांब साखळीची स्निग्धाम्लं मण्यावर लेप देतात. लेप बसला की बाहेरचं अन्न आत जात नाही आणि आतला गॅस बाहेर येत नाही. मणी फुग्यासारखा वर. सीओडी मात्र आउटलेटला छान दिसतो, कारण चरबी पाण्यातून गाळावर गेलेली असते. गॅस कमी आणि सीओडी बरा, हे कोडं इथे सुटतं.

यात आणखी एक गाठ आहे. आपल्याकडे पुष्टकाळ आणि थंडी एकाच वेळी येतात. रिअ‍ॅक्टरमधलं पाणी ३५ वरून २५ अंशांवर आलं की मिथेन बनवणाऱ्या जिवाणूंच्या कामाचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो. म्हणजे हात निम्मे आणि पानं दुप्पट वाढलेली. डिझाइनमधले घनमीटरला ६ किलो हे गरम पाण्याचे आहेत. पाणी २५ अंशांचं असताना आम्ही आता ५ च्या वर जात नाही. उरलेलं पाणी इक्वलायझेशनमध्ये (पाणी साठवून एकसारखं करायच्या टाकीत) धरतो, आणि अगदीच नसेल जमत तर थेट एअरेशनला (पुढच्या, हवा देऊन शुद्ध करायच्या टाकीला) देतो. ब्लोअरचं वीजबिल वाढतं, पण टँकरपेक्षा स्वस्त पडतं.

इलाज आम्ही असा केला. बॉयलरच्या कंडेन्सेटचं जे गरम पाणी गटारात जात होतं, त्यातल्या उष्णतेने रिअ‍ॅक्टरचं फीड तापवायला लागलो. २३ अंशांचं फीड २९-३० वर येतं. हे तापवणं डॅफच्या नंतर करायचं. आधी केलं तर थिजून सहज निघाली असती ती चरबी पुन्हा विरघळून पुढे येते. आम्ही ही चूक पंधरा दिवस केली. डॅफचं स्किमर थंडीत दिवसातून दोनदा गरम पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर पाती लोण्याने जड होऊन वरची साय ओढतच नाहीत. आणि क्रीम सेपरेटर, तुपाच्या कढया, बटर चर्न यांचं पहिलं धुणं वेगळ्या टाकीत. पहिल्या दोन-तीन मिनिटांच्या पाण्यातच बहुतेक चरबी असते.

इक्वलायझेशन टाकीत काय शिजतंय

पांढऱ्या लवेचं कारण इथे आहे. दुधातली साखर, लॅक्टोज, फार लवकर आंबते. तिचं थोडं आम्ल रिअ‍ॅक्टरच्या आधी झालेलं चांगलं, साधारण २० ते ४० टक्के. अजिबात झालं नाही तर कोरी साखर मण्यापाशी येते आणि आम्ल बनवणारे जिवाणू, जे मिथेनवाल्यांपेक्षा कितीतरी वेगाने वाढतात, मण्यावर लव धरतात. लव पिसासारखी हलकी, तिच्यात बुडबुडे अडकतात. उलट, संपूर्ण आंबवूनही चालत नाही, कारण नवा ग्रॅन्यूल बांधताना त्याच जिवाणूंचा चिकटपणा लागतो.

आमची टाकी २५० घनमीटरची. मे महिन्यात ३५० घनमीटर पाण्याला त्यात १७ तास मिळतात. डिसेंबरात ९०० घनमीटरला साडेसहा. हेही चाललं असतं. पण एका पहाटे मी पावणेपाचला प्लँटवर गेले तेव्हा टाकी तळाला लागलेली. रात्रपाळीच्या ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, टाकी भरलेली ठेवली तर सीआयपीच्या वेळी ओव्हरफ्लो होते. मग बोलणी मला बसतात. म्हणून मी तीनपर्यंत खाली करून ठेवतो."

त्याचं चुकलं नव्हतं. त्याला जे सांगितलं होतं त्याप्रमाणे तो काळजीने काम करत होता. पण त्यामुळे पहाटेची सीआयपी (यंत्रं न उघडता रसायनांनी आतून धुतलेलं पाणी), दीड टक्का कॉस्टिक, ७५ अंश, मागोमाग नायट्रिक, रिकाम्या टाकीत येत होती आणि मिसळायला पाणीच नव्हतं. न्यूट्रलायझेशनचा पीएच मीटर मागे पळत राहायचा: कधी ११, कधी ५. दिवसाच्या सरासरी नमुन्यात सगळं साडेसात दिसायचं. आम्ही सरासरी बघत होतो आणि जिवाणू दर तासाचं पाणी पीत होते.

आता टाकीच्या भिंतीवर एकतृतीयांश उंचीला लाल पट्टा मारला आहे. त्याच्या खाली पाणी न्यायचं नाही. जागा हवी म्हणून सीआयपीचं कॉस्टिक वेगळ्या १५ घनमीटरच्या टाकीत धरतो आणि चोवीस तासांत थोडं थोडं सोडतो, म्हणजे पीएच वर न्यायला बाहेरून कॉस्टिक विकतही कमी घ्यावं लागतं. दुधाच्या पाण्याचं तेच. एक लिटर दुधात साधारण २०० ग्रॅम सीओडी असतो. हजार लिटर दूध गटारात गेलं की २०० किलो, म्हणजे आमच्या मे महिन्यातल्या दिवसभराच्या लोडचा जवळजवळ एकतृतीयांश, दहा मिनिटांत. प्रॉडक्शनच्या लोकांशी रोज बोला. त्यांचा एक फोन, "मॅडम, सायलोतून दूध सांडलंय", आमच्या चार मीटरपेक्षा उपयोगी आहे. तो फोन यावा म्हणून फोन करणाऱ्याला कधीही रागावायचं नाही, हा आमचा नियम आहे.

पोकळ मणी: डिसेंबरातल्या दुखण्याचं मूळ मे महिन्यात

हा भाग मला सगळ्यात उशिरा कळला.

पोकळ मणी म्हणजे मोठा झालेला ग्रॅन्यूल, ज्याच्या पोटापर्यंत अन्न पोचलं नाही. भरपूर लोडवर मणी दोन-तीन मिलिमीटरचे होतात. मग लोड पडतो. पाणी पातळ होतं, बाहेरचा थरच सगळं खाऊन टाकतो, मधले जिवाणू मरतात, विरघळतात आणि पोकळी राहते. उन्हाळ्यात रिअ‍ॅक्टर ३५-३६ अंशांवर असतो, त्यामुळे हे सगळं लवकर होतं. मणी दिसायला तसाच. मे-जूनमध्ये गॅस कमी असतो, म्हणून तो तळाशी पडून राहतो. डिसेंबरात लोड चौपट झाला की गॅस पोकळीत भरतो, आणि वर चरबीचा लेप असेल तर बाहेर यायला वाट नाही.

आम्ही यात स्वतः भर घालत होतो. कृशकाळात ३५० घनमीटर पाण्याने वर जाण्याचा वेग ताशी ०.३ मीटरच्या खाली येतो. वेग टिकला पाहिजे असं मॅन्युअलमध्ये वाचलेलं, म्हणून रिसर्क्युलेशन पंप जोरात. वेग टिकला, पण आधीच पातळ असलेलं फीड आउटलेटच्या पाण्याने आणखी पातळ झालं.

वेग महत्त्वाचा आहे यात शंका नाही. मणी मुळात वेगाच्या चाळणीतच बनतात. नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेनला गात्झे लेटिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात यूएएसबी विकसित केला आणि बीटसाखरेच्या कारखान्याच्या पाण्यावर काम करताना त्यांना हे मणी दिसले. वर चढणारं पाणी विस्कळीत, हलका गाळ नेत राहतं, आणि जो एकमेकांना धरून जड होतो तोच मागे राहतो. हवेवर चालणाऱ्या ग्रॅन्यूलचंही तत्त्व हेच. तिथे वर चढणाऱ्या पाण्याऐवजी बॅचमधला बसायचा वेळ कमी करून चाळण लावतात. चाळण हवी, पण खाणंही पोटापर्यंत पोचायला हवं. (कानपूरच्या जाजमऊला १९८९ साली सुरू झालेल्या रोज ५० लाख लिटरच्या प्रकल्पासारखे शहरी सांडपाण्याचे यूएएसबी आपल्या देशात बरेच आहेत. तिथलं पाणी इतकं पातळ असतं की गाळ बहुतेक मऊ गुठळ्यांचाच राहतो. अशा प्लँटवर काम करत असाल तर मणी दिसत नाहीत म्हणून घाबरू नका.)

हिशेब असा बसतो. आमच्या रिअ‍ॅक्टरमध्ये साधारण ५,००० किलो जिवंत गाळ, म्हणजे व्हीएसएस. डिसेंबरात २,५२० किलो सीओडी, गाळाच्या दर किलोला अर्धा किलो: पोटभर जेवण. मे महिन्यात ६३० किलो, दर किलोला १३० ग्रॅमही नाही. म्हणून आता एप्रिलच्या अखेरीस मधल्या पोर्टमधून एकतृतीयांश गाळ काढून बंद टाकीत ठेवतो. पूर्ण उपाशी, सावलीत आणि हवा न लागू देता ठेवलेले ग्रॅन्यूल काही महिने सहज टिकतात, हे दुसऱ्या प्लँटला सीड विकणाऱ्यांना चांगलं माहीत असतं. उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येतं. ऑक्टोबरात साठवलेले परत टाकतो, म्हणजे आमचा टँकर आमच्याच आवारात उभा असतो. रिसर्क्युलेशन उन्हाळ्यात ताशी ०.४ मीटरपुरतंच ठेवतो, आणि दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास वाढवतो, म्हणजे थर मोकळा राहतो आणि मधून वाटा पडत नाहीत.

तरंगलेले पोकळ मणी जाळीत धरलेले असतात, ते छोट्या सेंट्रिफ्युगल पंपातून फिरवून फोडतो आणि पोटातला गॅस गेला की तळाच्या बाजूने परत सोडतो. फुटलेल्या तुकड्यांवर पुन्हा मणी धरतात. निरोगी गाळ मात्र अशा पंपातून कधी नेऊ नका. तो हलवायला स्क्रू पंपच हवा.

उरलेली कारणं, थोडक्यात

लोह, निकेल, कोबाल्ट यांची कमतरता स्टार्च आणि साखरेच्या पाण्यात जास्त दिसते. दुधात नायट्रोजन आणि फॉस्फरस पुरेसं असतं. लोह आमच्याकडे डॅफच्या फेरिकमधून येतं. सल्फेट डेअरीत फारसं नसतं, पण पीएच उतरवायला सल्फ्युरिक वापरत असाल तर ते तुम्हीच घालताय. सीओडी सल्फेटच्या दहापट तरी राहील असं बघा. इनलेटच्या पाइपांपैकी एखादा तुंबला की बाकीच्यांतून धार जोरात येते आणि वर एकाच जागी उसळी दिसते. उसळी नेहमी एकाच कोपऱ्यात असेल तर बाकी काही तपासायच्या आधी पाइप उघडा.

आता वर्षाचं वेळापत्रक

एप्रिलअखेर गाळ काढणे. जून आणि सप्टेंबरात प्रत्येक पोर्टचा गाळ मोजून उंचीप्रमाणे नोंद, आणि वीस-वीस मणी कापून किती पोकळ ते लिहिणे. ऑक्टोबरात साठा परत. दिवाळीच्या आधी, मिठाईसाठी खवा-पनीर वाढतं तेव्हा, पनीरच्या निवळीचं पाणी वेगळं धरण्याची तयारी. तिचा सीओडी लिटरला ६० ग्रॅमच्या वर असतो. मग लोड आठवड्याला जास्तीत जास्त १५-२० टक्क्यांनी वाढवायचा आणि दर वाढीनंतर व्हीएफए स्थिर झाल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही. दूध एकदम वाढतं, ते आपल्यासाठी थांबत नाही, म्हणून वरचं पाणी एअरेशनला द्यायची परवानगी मॅनेजरकडून ऑक्टोबरातच लेखी घेऊन ठेवा. डिसेंबरात मागितली तर वीजबिलाची चर्चा होते आणि तोवर गाळ गेलेला असतो.

गेल्या हिवाळ्यात इम्हॉफ कोन दोन मिलीच्या वर गेला नाही. जानेवारीत एका कडाक्याच्या थंडीच्या आठवड्यात चॅनेलच्या तळाशी थोडी मोहरी दिसली होती. अण्णांनी चिमटीत धरून दाबली, टिपकागदावर ठेवली आणि म्हणाले, "चरबी आहे, मॅडम. डॅफचं स्किमर बघून येतो." पातं जड होऊन अडकलं होतं. अर्ध्या तासात धुऊन लावलं.